गाईड पलीकडच्या काठावर भेटेल

अन्याय झाला तो सिंगापूरच्या नोव्हेना भागातल्या एका फिजिओथेरपिस्टवर. गुढीपाडव्याच्या आधीच्या शनिवारी, सकाळी साडेनऊला, उत्तर जपानमधल्या एका तळ्यावर. गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे पकडायला गेलेला हा माणूस बर्फ फुटून बुडाला. मी पोलिसाची नोकरी तरुणपणीच सोडली. बाकीची प्रकरणं पुसट झाली, हे एक होत नाही.

तिथल्या पोलिसांनी अपघात म्हणून फाईल बंद केली होती. मग त्याची बायको इथे आमच्या ठाण्याच्या काउंटरवर आली. अकाउंटंट बाई, आवाज शांत.

"साहेब, मला कोणाला शिक्षा नकोय. निघताना हा म्हणाला, गाईड आहे, काळजी करू नकोस. आता त्याचे मित्र म्हणतात, गाईड नव्हताच आणि त्याला ते माहीत होतं. म्हणजे तो माझ्याशी शेवटचं खोटं बोलून गेला का? एवढंच शोधून द्या."

शेजारी आठ वर्षांची मुलगी बसली होती. ती मध्येच इथल्या बोलीत म्हणाली, "पपा सिग्नलला ग्रीन मॅन नसेल तर रोडपण क्रॉस करत नाही लाह."

तपास सुरू करायला मला तेवढी खबर पुरली.

सोबत गेलेले दोघेच. त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. पहिला बँकेत मोठ्या हुद्द्यावर. सगळी ट्रिप त्यानेच आखलेली. तो माझ्यावरच उखडला.

"अहो, आम्ही शिकलेली माणसं आहोत. सगळे व्हिडिओ पाहिले होते. गाईड कशाला हवा, बोट धरून चालायला?"

"सीझन संपत आला होता."

"तिथे बोर्ड नव्हता. धोका असता तर बोर्ड लावला नसता का? आणि ऑफिसर, तुमचा जन्म इथला. तुम्हाला बर्फातलं काय कळणार?"

"तुम्हाला तरी आइस कचांगच्या गोळ्याच्या वाटीबाहेरचा बर्फ कुठे माहीत होता?"

त्याचं ते बोर्डाचं वाक्य मी विसरलेलो नाही. बोर्ड नव्हता! या शहरात आपल्याला प्रत्येक गोष्टीचा बोर्ड लागतो. इथे पोहू नका, इथे मासे पकडू नका, माकडांना खायला घालू नका. बोर्ड नाही म्हणजे परवानगी आहे, ही आपली खुळी समजूत. त्या तळ्यावर हंगामात झेंडे असतात, दोर बांधलेले असतात, तंबू असतात. ते सगळं काढून नेलं होतं, कारण बर्फावर आता कोणी जायचंच नव्हतं. यांना ती मोकळी जागा दिसली आणि आनंद झाला.

जबाबात दोघांचं एक वाक्य शब्द न् शब्द सारखं होतं: "त्याला सगळी कल्पना होती." खरं सांगणारी दोन माणसं इतकं सारखं बोलत नाहीत. मी साधा प्रश्न विचारला. कल्पना दिली कुठे?

बँकवाला म्हणाला, "पुलाउ उबीन बेटावर. सायकलिंगला गेलो होतो, तेव्हा जातानाच्या छोट्या होडीत, बमबोटीत."

दुसरा पुण्याचा आयटी इंजिनिअर, एम्प्लॉयमेंट पासवर इथे नोकरीला आलेला. तो म्हणाला, "ईस्ट कोस्टला समुद्रकाठी, हॉकर सेंटरमध्ये जेवताना."

"कधी?"

"निघण्याच्या आधीच्या रविवारी. तिघं होतो."

हॉस्पिटलकडून ड्युटीचा तक्ता मागवला. त्या रविवारी तो माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत वॉर्डात होता. कागद समोर ठेवला तसा इंजिनिअर रडायला लागला.

"सर, गाईडला आम्ही विचारलं होतं. तो नाही म्हणाला. म्हणाला, आता बर्फावर पाय ठेवू नका, पुढच्या वर्षी या. पण तिघांच्या रजा मंजूर झाल्या होत्या. बँकेतला दादा म्हणाला, त्याला हे सांगितलं तर तो यायचाच नाही."

"आणि तिथे पोहोचल्यावर? त्याने विचारलं नाही?"

"विचारलं. काठावर उभा राहिला, पुढे येईचना. तेव्हा दादा म्हणाला, गाईड पलीकडच्या काठावर भेटेल. मग तो निघाला. आमच्या पुढे."

"आणि तू?"

"मी काहीच बोललो नाही, सर."

उलगडा झाला. पुढे काय? काहीही नाही. तळं परक्या देशातलं, तिथली फाईल बंद, इथे लावायला कलम नाही. जबाब जपानला पाठवले, पोच आली, बस्स. दोघं ऑफिसला जायला लागले. त्या बाईंना मी सांगितलं, तुमचे मिस्टर खोटं बोलले नव्हते. मला वाटलं, थोडा आधार वाटेल.

त्या म्हणाल्या, "म्हणजे तो बर्फावर नाही, यांच्या शब्दावर चालत गेला."

या प्रकरणाने मला एवढंच शिकवलं की माणूस मारायला वाईट हेतू लागत नाही. ठरलेली ट्रिप मोडू नये एवढी हौस आणि शेजारी गप्प उभा राहणारा एक मित्र पुरतो. आणि अशा गप्प बसण्याला कुठलंच कलम लागत नाही.

तुमच्याही ग्रुपवर आत्ता कुठली तरी ट्रिप ठरत असेल. तिथल्या जाणत्या माणसाने "येऊ नका" म्हटलेलं तुम्हाला माहीत असेल, तर हे वाचणं थांबवा. फोन उचला आणि ते सगळ्यांना सांगा. जो ऐकून माघार घेईल, त्याला आधी सांगा.