गेटवरची झडतीवाली

परळच्या आमच्या गिरणीत पाळी सुटली की बायांची झडती घ्यायला गेटवर एक बाई असे. तिचं नाव मला कधी कळलं नाही. आमची मात्र एकही गोष्ट तिनं झाकून ठेवली नाही. गोणपाटाच्या आडोशामागं ती आमच्या कमरा चाचपायची, डबे हुंगायची आणि बाहेरच्या पहारेकऱ्याला ऐकू जाईल असं ओरडायची, "हिच्याकडं तंबाखूची चंची, बाकी काय नाय." रोज माझं डोकं फिरायचं.

एकदा संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यासाठी गिरणीतच चोरून शिवलेली काळी निशाणं मी ओच्यात दडवली होती. सापडली असती तर नोकरीच गेली असती. तिचा हात नेमका तिथंच थांबला. मग ती ओरडली, "हिला दिवस गेलेत. वाट सोडा."

माझ्याआधी बातमी चाळीत पोचली. शेजारीण चिंच घेऊन आली. सासूनं देवापुढं नारळ फोडला. मी नवऱ्याला खरं सांगेपर्यंत त्यानं मुलाचं नावसुद्धा ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यावर उखडले, "मावशी, दुसरं काय सुचलं नाय तुला?"

माझी कमर चाचपता चाचपता ती हळू आवाजात म्हणाली, "दुसरं काय पण सांगितलं असतं, तर तो पहारेकरी दाखव म्हणाला असता."