उष्ट्या ताटल्यांपाशी सहा आठवडे

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात आहारशास्त्र शिकणाऱ्या आम्ही मोजून अकरा जणी होतो. एकोणीसशे साठ साल नुकतंच मागे पडलं होतं. विषय नवा, पुस्तकं इंग्रजी, आणि घरोघरी समज एकच, की पोरगी कॉलेजात जाऊन स्वयंपाक शिकते. माझे वडील वकील. त्यांच्याकडे येणारे पक्षकार ओसरीवर बसल्या बसल्या मला विचारायचे, "काय बाई, आज काय रांधलं कॉलेजात?" मी प्रथिनं, जीवनसत्त्वं असं काहीबाही सांगायचे. ते "वा वा" म्हणून पुन्हा आपल्या बांधाच्या भांडणाकडे वळायचे.

शेवटच्या वर्षी सहा आठवडे बाहेर राहून प्रत्यक्ष काम शिकायचं होतं. सगळ्यांनी दवाखाना मागितला. तिथे पांढरा कोट मिळतो, हे खरं कारण. आमच्या बाईंनी वर्गात विचारलं, "शाळेत कोण जाणार? अकोल्याला एका शाळेत मुलांना दुपारचं खाणं देतात." एकही हात वर झाला नाही. बाई अंगाने किरकोळ होत्या, पण आवाज असा की शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा सरळ बसत. मी त्या वेळी खिडकीबाहेर बघत होते, एवढ्याच गुन्ह्यावर माझं नाव लिहिलं गेलं. माझ्या शेजारी चांदूर रेल्वेची एक मैत्रीण बसायची. शेतकऱ्याची मुलगी, उंच, धीट. ती उठून म्हणाली, "बाई, मीबी जातो हिच्यासंगं. हिले एकटीले नाही जमणार." वर्ग हसला. मला राग आला, पण मनातून बरंही वाटलं.

अकोल्यात माझी आत्या होती, तिच्याकडे आमची राहायची सोय झाली. पहिल्या दिवशी आम्ही इस्त्रीच्या साड्या नेसून, कोऱ्या वह्या घेऊन शाळेत गेलो. शाळा साधी, कौलारू. मुलं हमालांची, गिरणीतल्या कामगारांची. दुपारी त्यांना डाळ घालून शिजवलेला दलिया आणि भुकटीचं दूध मिळायचं. ताटल्या मुलं घरूनच आणायची, बहुतेक जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, चेपलेल्या.

हेडमास्तर भले गृहस्थ होते. आम्हाला बघून त्यांना फार आनंद झाला. "होम सायन्सच्या मुली! वा! आमचं स्नेहसंमेलन आहे पुढच्या महिन्यात. पडदे, तोरणं, टेबलावरची फुलं, सगळं तुमच्याकडे."

मी म्हटलं, "सर, आम्ही मुलांच्या खाण्यासाठी आलोय."

"तेही बघा ना. तो तक्ता लावून टाका भिंतीला, फळांची चित्रं असलेला. छान दिसेल."

राहिलं स्वयंपाकघर. तिथे एक मावशी होत्या. साठीच्या आसपासच्या, कपाळावर मोठं कुंकू, हातात लांब दांड्याची पळी. दीडशेवर मुलांचं त्या एकट्या शिजवायच्या. आम्ही दारात उभ्या राहिलो तर त्यांनी आमच्या साड्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काहून आल्या वं पोरींनो? इथं धूर हाय. साड्या खराब होतीन." झालं. आम्ही परत तोरणांकडे.

पहिला आठवडा असाच गेला. माझी मैत्रीण मण्यांचं तोरण ओवता ओवता म्हणायची, "आपल्याले डिगरी भेटन की हळदीकुंकू?"

आठवड्याअखेरीस बाई बघायला आल्या. बडनेऱ्याहून गाडी पकडून, धुळीने माखलेल्या. आमच्या वह्या मागितल्या. माझ्या वहीत दलियाचे उष्मांक सुबक अक्षरात काढलेले होते, आणि पुढच्या पानावर तोरणाची नक्षी. बाईंनी दोन्ही पानं बघितली, वही मिटली आणि सरळ हेडमास्तरांच्या खोलीत गेल्या. दार बंद होतं तरी आम्हाला प्रत्येक शब्द ऐकू आला. शेजारच्या वर्गालाही आला असावा.

"सर, सजावटच हवी असेल तर माझी भाची पाठवते. तिचा हात चांगला आहे. या दोघी शिकायला आल्यात. त्यांना काम द्या, नाहीतर मी त्यांना आजच घेऊन जाते."

बाहेर आल्यावर आमच्याकडे वळल्या. "आणि तुम्ही दोघी काय वाट बघत होतात? पुस्तकात मुलाला काय मिळतं ते लिहिलंय. पोटात किती जातं ते पुस्तकाला ठाऊक नाही. उद्यापासून नळापाशी उभ्या राहा. ताटलीत काय उरतं, कोणाच्या उरतं, ते लिहा. रोज."

मला हे काम अगदीच हलकं वाटलं. चार वर्षं शिकून उष्टं मोजायचं! पण दुसऱ्या दिवसापासून आम्ही नळाशेजारच्या उष्ट्याच्या बादलीपाशी उभ्या राहिलो. मुलं सुरुवातीला लाजली, मग ताटल्या चाटूनपुसून आणायची आणि तोंडासमोर धरून "पाहा बाई, साफ" म्हणायची. एकाने तर रिकामी ताटली चार वेळा दाखवली.

तीन-चार दिवसांत एक गोष्ट दिसली. उष्टं टाकणाऱ्या जवळजवळ सगळ्या मुली होत्या. मी लगेच वहीत कारणं लिहिली. मुलींना दलिया आवडत नसावा. मुलींना दुधाचा वास सहन होत नसावा. मुली लाजतात. मैत्रिणीने ते वाचलं आणि म्हणाली, "इचारलं काय कोणाले?"

विचारलं नव्हतं. तिने दोन वेण्या घातलेल्या एका मुलीला थांबवलं. मुलगी निम्मा दलिया बादलीत टाकत होती आणि टाकताना एक घास घाईने तोंडात कोंबत होती.

"आवडत नाही काय वं तुले?"

"आवडते नं."

"मंग काहून टाकून राहिली?"

"घंटी झाली नं, बाई."

एवढंच होतं. आधी मुलांची रांग, मग मुलींची. मावशी एकाच गंजातून, म्हणजे मोठ्या पातेल्यातून, एकट्या वाढणार, दीडशे ताटल्या. शेवटच्या मुलीच्या ताटलीत गरम दलिया पडायचा आणि पाचसात मिनिटांत घंटा व्हायची. गरम दलिया पटापट गिळता येत नाही. उशीर झाला की छडी. म्हणून दलिया बादलीत. त्या रात्री आत्याच्या घरी मी माझं कारणांचं पान फाडून टाकलं.

आम्ही हेडमास्तरांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "घंटा नाही हलवता येत. घंटेवर सगळी शाळा चालते." मी म्हटलं, "मग मुलींची रांग आधी लावू." ते म्हणाले, "मग मुलं राहतील. गोंधळ होईल." त्यांचंही अगदीच चूक नव्हतं.

मार्ग काढला मावशींनी. मैत्रीण त्यांच्याजवळ बसून चुलीत लाकडं सारत होती. चुलीचं तिला येत होतं, म्हणून एव्हाना तिला आत प्रवेश मिळाला होता. तिने सगळं सांगितलं. मावशी पळी थांबवून ऐकत राहिल्या.

"मले कोणी सांगितलंच नाही," त्या म्हणाल्या. "मी तं पोरींले वाढून आत येतो. मले काय मालूम त्या फेकून रायल्या?" मग दोन्ही दारांकडे बघत म्हणाल्या, "दोन गंज करा. एक या दारात, एक त्या दारात. एकावर मी, एकावर तुमी. पण साड्या खोचा."

दुसऱ्या दिवशी आम्ही साड्या खोचल्या. मुलींच्या रांगेवर मी. पळी हातात आल्यावर मला काय वाटलं ते सांगता येत नाही. इतके दिवस वहीत लिहिलेलं सगळं आता माझ्या हातातून जाणार होतं. मी भरभरून वाढत गेले. मुली खूश. आणि शेवटच्या तेरा मुली समोर असताना गंजाचा तळ लागला.

मी तशीच उभी राहिले, पळी हातात, तोंड उघडं. पहिली मुलगी ताटली पुढे करून माझ्याकडे बघत होती. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतीच उभी होती.

मावशी पलीकडच्या दारातून आल्या. तळ बघितला, माझ्याकडे बघितलं. ओरडल्या नाहीत. त्यांच्या गंजात उरलेलं तेरा ताटल्यांत थोडं थोडं पडलं. मग त्यांनी दुधाची भुकटी जास्त कालवली, स्वतःच्या डब्यातल्या दोन भाकरी त्या दुधात कुस्करल्या आणि वाढल्या. मैत्रीण धावत जाऊन आमचाही डबा घेऊन आली. आत्याने पोळ्या दिल्या होत्या. त्याही गेल्या. त्या तेरा मुलींना तो प्रकार दलियापेक्षा फार आवडला. दुसऱ्या दिवशी दोघी तिघी मुद्दाम रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या, असं मैत्रीण सांगायची. गंजाचा तळ लागला त्या दिवशी मी कोणाकडेच बघितलं नाही.

सगळं आवरल्यावर मावशींनी मला जवळ बोलावलं. "इकडे ये. धर पळी. अशी. आधी रांगीकडे पाह्य, मंग गंजाकडे, मंग पळी भर. पहिल्या पोरीले वाढताना शेवटची पोरगी दिसली पाहिजे तुले." माझा हात धरून त्यांनी रिकाम्या गंजातून पाच-सात वेळा पळी फिरवली. कॉलेजात ज्याला मात्रा म्हणतात, ती मला तिथे कळली.

पुढचे चार आठवडे आम्ही रोज वाढलं. मुलींना खायला वेळ मिळू लागला. बादली हलकी झाली, इतकी की शेजारच्या वस्तीतली एक बाई, जी उष्टं तिच्या म्हशीसाठी न्यायची, ती तक्रार घेऊन आली. हेडमास्तरांनी तिला आमच्याकडे पाठवलं. आम्ही तिची माफी मागितली. स्नेहसंमेलनाला तोरणं अर्धीच लागली. कोणाच्या लक्षात आलं नाही.

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. त्यांनी मला दलियातल्या लोहाचं प्रमाण विचारलं. मी चुकीचं सांगितलं. मग विचारलं, "सहा आठवड्यांत काय केलं?" मी घंटेचं सांगितलं, तेरा मुलींचंही सांगितलं. ते चष्मा पुसत बसले. गुण बेताचेच पडले. मैत्रिणीला माझ्याहून जास्त पडले. लोहाचं तिला पाठ होतं.

पुढच्या वर्षी मी कॉलेजातच बाईंच्या हाताखाली लागले. शाळेत जायला या वेळी नऊ जणींनी नावं दिली. त्यातल्या एकीचे वडील अचलपूरला कापडाचे व्यापारी होते. मुलीला परक्या गावी, अकोल्याला, पाठवायला ते तयार नव्हते. बाई म्हणाल्या, "तू जा, समजाव." मी बसने अचलपूरला गेले. त्यांनी चहा मागवला, गादीवर नीट बसले आणि विचारलं, "काय करावं लागते पोरीले तिथं?"

"उभं राहावं लागतं," मी म्हटलं. "पाय फार दुखतात."

काहीतरी भारदस्त उत्तराची त्यांना अपेक्षा असावी. ते मोठ्याने हसले आणि आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाले, "ऐकलं काय वं? तुई पोरगी दीड महिन्यानं पाय दाबून मागन. बांध तिचं सामान."