तिगावच्या लूप लाइनवर उभा बिटकॉइन

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला माणूस मी, आणि स्वतःचे पैसे स्वतःच्या हाताने हवेत टांगणारा पहिला माणूसही मीच.

पहिल्या गोष्टीचा अभिमान मी लपवत नाही. बाबूजी सातवी, माय चौथी, आजोबा अंगठा. मी एम.कॉम. पांढुर्ण्याच्या शाळेत वाणिज्य शिकवतो. फळ्यावर 'विनिमयाची साधने' असं लिहून खाली रेघ ओढली की आपणच पैशाचा शोध लावला असं मला वाटतं. दर शनिवारी मोटारसायकलनं घरी जातो, मोहगावजवळ. तिथं आमचा संत्र्याचा बगीचा आहे, आणि तिथं मला कोणी सर म्हणत नाही.

ही गोष्ट संक्रांतीची. त्या वेळी संत्र्याला ताण दिलेला असतो, म्हणजे पाणी तोडून झाडांना मुद्दाम तहानलेलं ठेवतात. मग नेमक्या वेळी पाणी सोडलं की झाड फुलावर येतं. ताण कमी पडला तर फूल नाही, जास्त झाला तर झाडच बसतं, म्हणजे वाळून जातं. पाणी सोडायची वेळ आली आणि आमच्या बोअरची मोटर जळली. सौंसरच्या मिस्त्रीनं ती उघडून पाहिली, तेल लागलेला हात पुसला आणि म्हणाला की हिची वायंडिंग तिसऱ्यांदा भरली होती, आता हिला सोडा.

नवी मोटर घ्यायची तर बाबूजींकडे एकच मार्ग होता, कापूस. भाव वाढेल म्हणून तो त्यांनी समोरच्या खोलीत छतापर्यंत रचून ठेवला होता. (त्या वर्षी आमच्याकडे आलेला पाहुणा खुर्चीवर न बसता कापसाला टेकून उभा राहायचा.) भाव पडलेला होता. गावातला व्यापारी, आम्ही त्याला शेठ म्हणतो, रोज येऊन कापसात हात घालून बघायचा आणि ओठ वाकडे करायचा. तरी बाबूजी म्हणाले, विकून टाकू, झाडं थांबणार नाहीत.

त्याच वेळी वंदी, माझी धाकटी बहीण, आणि जावईबापू नितेशराव संक्रांतीला आलेले होते. माझ्या तोंडात तिळाचा लाडू होता. तो गिळायच्या आतच मी बोलून गेलो.

"कापूस इकू नका बाबूजी. मोटरचे पैसे मी देतो."

माय माझ्याकडे पाहतच राहिली. जावयासमोर दिलेला शब्द म्हणजे रजिस्ट्री! पण मी बिनधास्त होतो, कारण माझ्याकडे बिटकॉइन होता. पूर्ण नाही, त्याचा एक तुकडा. दोन वर्षांपूर्वी नितेशरावांकडूनच घेतलेला. ते नागपूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत. ठरलं असं, की मी तो तुकडा माझ्या मोबाइलमधून त्यांच्या मोबाइलमध्ये पाठवायचा, त्यांनी पुढं एक्स्चेंजवर, म्हणजे बिटकॉइनच्या बाजारात, विकायचा आणि रुपये बाबूजींच्या खात्यात टाकायचे. नितेशराव म्हणाले, तासाभराचं काम आहे.

ते सोमवारी नागपूरला गेले. मंगळवारी सकाळी, शाळेत जाण्याआधी, मी पाठवायला बसलो.

मोबाइलनं विचारलं, फी किती देणार? तीन भाव दाखवले. लवकर पोचायचं तर हा, मध्यम तर हा, हळू तर हा. आता आमच्या घरात सांगितलेला भाव कधीच कोणी देत नाही. सौंसरच्या बाजारात मायनं मेथीची जुडी सांगितलेल्या किमतीत घेतली असं आजवर झालेलं नाही. घेतली तर तिला रात्री झोप लागणार नाही. त्या रक्ताचा मी! तीन भाव दिसले की माझी नजर आपोआप चौथा शोधते. आणि चौथा होता. सगळ्यात खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की फी स्वतः टाका. समोर माणूस नव्हता, म्हणून मी स्वतःशीच घासाघीस केली. कमी करत करत 'एक'वर आणलं. त्याच्या खाली ते मशीन उतरेना.

आणखी एक चौकट होती: 'फी नंतर वाढवता यावी'. तिच्यात आधीच खूण केलेली होती. ती मी काढून टाकली. मागाहून त्यांनी आपल्या मनानं वाढवली म्हणजे?

बटण दाबलं. जावईबापूंना मोठ्या ऐटीत कळवलं, आणि शाळेत जाऊन त्या दिवशी 'व्यवहारातील दक्षता' हा धडा जरा जास्तच रंगवून शिकवला.

संध्याकाळी नितेशरावांचा फोन आला. ते फार अदबीनं बोलतात, त्यामुळे वाईट बातमी कळायला वेळ लागतो. म्हणाले, दादा, दिसून राहिलं, पण आलं नाही.

बुधवारीही दिसून राहिलं. आलं नाही. मी शाळेत किरकोळ रजा टाकून घरी गेलो, कारण बाबूजी दर दोन तासांनी फोन करत होते आणि त्यांचे प्रश्न फोनवर मावत नव्हते. बाबूजींना राग फार कमी येतो. त्यांना उत्सुकता येते, आणि ती रागापेक्षा जड जाते. आल्या आल्या त्यांनी मला ओट्यावर बसवलं.

"दिसते, मंग येत काऊन नाई?"

मी म्हटलं, अडकलं आहे.

"कुठं अडकलं? नागपूरले, का इकडंच हाय?"

माय म्हणाली की कोणत्या ऑफिसात अडकलं असेल तिथं जाऊन उभं राहा, समोर उभं राहिल्याशिवाय कोणी काम करत नाही. तिचा अनुभव पटवाऱ्याचा होता. ऑफिसच नाही, असं मी सांगितलं तर ती म्हणाली, मग तू पैसे दिले कोणाला?

मी पदवीधर माणूस, सोपं करून सांगणं हे माझं काम. मी म्हटलं, बाबूजी, तिगावचं स्टेशन डोळ्यासमोर आणा. तिथं मालगाडी बाजूच्या लूप लाइनवर उभी करतात की नाही? आणि एकामागून एक सुपरफास्ट धडधडत पुढं जातात. मालगाडी दिसते, पण येत नाही. आपला बिटकॉइन तिथं उभा आहे.

उपमा मला स्वतःलाच इतकी आवडली की मी मोबाइल काढून त्यांना ती रांगही दाखवली. एका साइटवर रंगीत चौकोन सरकताना दिसतात. दर दहा मिनिटांनी साधारण एक डबा भरतो आणि निघतो, ज्याची फी जास्त तो आधी चढतो. बाबूजींनी चष्मा लावला. इथंच माझी चूक झाली, कारण त्यानंतर त्यांनी मोबाइल परत दिलाच नाही.

"हे डबे कोन भरते?"

जगभरची माणसं भरतात, मशीन लावून, आणि फी त्यांना मिळते.

"इतकी गर्दी हाय तं डबे मोठे काऊन नाई करत?"

(या एका प्रश्नावरून जगातल्या हुशार हुशार लोकांनी वर्षानुवर्षं भांडणं केली, दोन तट पडले, हे मला फार नंतर वाचायला मिळालं. बाबूजींना तो चष्मा लावल्यापासून चौथ्या मिनिटाला पडला होता.) मी म्हटलं, तसं करत नाहीत.

"मंग आपला माल कोनत्या डब्यात हाय?"

मी रांगेचं शेपूट दाखवलं. लाखाच्या वर लोकांचा माल आपल्या पुढं होता. बाबूजींनी बराच वेळ पाहिलं.

"जो जास्त देते तो पयले चढते, हे तुले मालूम होतं?"

होतं.

"मंग तू कमी काऊन देल्लं?"

उत्तर मायनंच दिलं. ती म्हणाली, घासाघीस केली असन, माझ्यावर गेला हाय, आणि पहिल्यांदाच तिनं मला जरा जास्तच कौतुकानं पोळी वाढली.

गुरुवारी बगिच्यात गेलो. झाडांची पानं पार मलूल होऊन वळली होती. बाबूजींनी एक पान हातात घेऊन दुमडलं आणि खिशात ठेवलं. घरी येऊन त्यांनी शेठला निरोप धाडला, शुक्रवारी काटा घेऊन ये.

मी दर दहा मिनिटांनी बाबूजींच्या हातातल्या मोबाइलमध्ये डोकावत होतो. एकदा तर आपण रांगेत पुढं सरकण्याऐवजी मागं गेलो होतो! फी वाढवता येते का बघितलं. येत होती, पण फक्त त्या चौकटीत खूण असेल तर. नितेशरावांना विचारलं. ते अदबीनं म्हणाले, दादा, ती खूण तुम्ही काऊन काढली?

शुक्रवारी सकाळीच शेठ आला. अंगणात काटा टांगला. दोन माणसं खोलीतून कापसाची गाठोडी ओढून बाहेर आणू लागली. वर्षभर जपलेला कापूस, आणि शेठनं भाव सांगितला तो असा की माझ्यासारख्या घासाघिशीच्या घराण्यातल्या माणसालाही तिथं बोलायला तोंड उरलं नाही. मी भिंतीला टेकून उभा होतो. माझ्या शब्दापायी पाच दिवस गेले होते. सोमवारीच कापूस विकला असता तर निदान झाडांना पाणी तरी मिळालं असतं.

पहिलं गाठोडं काट्यावर चढत असताना शेठचा फोन वाजला. पलीकडे ट्रकवाला असावा, भाड्यासाठी अडून बसलेला. शेठ त्याच्यावर ओरडला की भाडं तिकडं माल घेणारा देईल, बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, तसं लिहून घे आणि गाडी काढ.

बाबूजी खाटेवर बसून चौकोन पाहत होते. त्यांनी मान वर केली.

"शेठ, थांब जरा."

मग माझ्याकडे वळले.

"संजू, जवाई आपला माल पुढं पाठवनार हाय ना? एक्स्चेंजले?"

मी हो म्हटलं.

"मंग त्यानं आताच पाठवाव. आला नाई तरी पाठवाव. अन् त्या पुढच्या बिल्टीवर भाडं चांगलं जास्त, दाबून टाकाव. पुढचं भाडं पाहिजे असन तं हमालाले पयले मागचा माल उचलाच लागन. मागचा चढल्याशिवाय पुढचा निघन कसा?"

मी हसलो. खरंच हसलो, शेठसमोर, जरा मोठ्यानंच. म्हटलं, बाबूजी, ही काही संत्र्याची बिल्टी नाही. हे गणित आहे, कॉम्प्युटर आहे. न आलेले पैसे पुढं कसे पाठवता येतील? आणि शिवाय जावयाला भाडं भरायला लावायचं? लोक काय म्हणतील?

"भाडं मालातूनच कापते तो. त्याच्या खिशातून नाई मांगत मी," बाबूजी म्हणाले, आणि माझ्याच मोबाइलवरून त्यांनी नितेशरावांना फोन लावला. मोबाइल स्पीकरवर होता. त्यांनी सगळं परत सांगितलं, हमालासकट. माय कपाळाला हात लावून उभी राहिली, की आता जावई दुखावला.

मग नितेशराव म्हणाले, "बाबूजी, असं करता येते. असंच करतात. माझ्या ध्यानातच नाई आलं. तुमाले हे कोनं सांगितलं?"

बाबूजींनी शेठकडे बोट दाखवलं, जणू नितेशरावांना ते फोनवरून दिसणार होतं.

त्यानंतरचा अर्धा तास आमच्या अंगणात कोणी काम केलं नाही. शेठ आणि त्याची दोन माणसं खाटेभोवती उभी, कापूस अर्धा आत अर्धा बाहेर, आणि बाबूजी एकेक चौकोन दाखवून समजावून सांगत होते की हा पाहा, यात आपला असन. पहिला डबा गेला. आपला नव्हता. दुसरा भरला आणि नितेशरावांचा निरोप आला, दोन्ही एकदमच चढले. शेठच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. शेठनं वाजवल्या नाहीत. त्याला काटा उतरवायचा होता.

संध्याकाळी रुपये बाबूजींच्या खात्यात आले. शनिवारी मोटर आली, बोअरमध्ये उतरली, आणि पाणी सोडलं. दोन-तीन झाडं बसली, बाकीची सावरली. महिनाभरानं बगीचा पांढराशुभ्र फुलला आणि रस्त्यावरून जाणारा माणूसही वास घ्यायला थांबू लागला. कापसाला पुढं बरा भाव मिळाला. फीचा हिशेब मी एकदा गुपचूप केला. सुरुवातीलाच 'लवकर'चं बटण दाबलं असतं तर जेवढी लागली असती, तिच्या चौपट गेली होती. तो कागद मी फाडला.

परवा घरी होतो तेव्हा लोधीखेड्याचा एक अनोळखी माणूस गाडी उभी करून आत आला. हातात मोबाइल, चेहरा रडवेला. म्हणाला, माझं एक ट्रान्झॅक्शन अडकलं आहे, इथं कोणी जाणकार राहतात म्हणे. मी शर्टाची कॉलर सारखी केली, खुर्ची पुढं ओढली, म्हटलं बसा, नेमकं काय झालं ते सांगा.

तो बसला नाही. माझ्या खांद्यावरून आत डोकावत म्हणाला, "तुमी नाई सर. बाबूजी हायेत का?"

बाबूजी चष्मा पुसतच बाहेर आले. मी चहा ठेवायला आत गेलो, आणि तोही माझ्या हातून उतू गेला.