पद्मजाच्या फिल्टरचा सूर
पद्मजा नेने विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत यंत्रं दुरुस्त करते. नवरा बत्तीस सेक्टरच्या इस्पितळात डॉक्टर, आणि हिला घरीही तारा जोडायचीच हौस. भजनाला बारा वर्षं पहिला सूर मी देत आले, पण मंडळात कौतुक तिचं.

इथल्या अतिरेक्यांच्या रोजच्या गोळीबाराच्या बातम्यांमुळे संध्याकाळी कोणी बाहेर पडत नाही, म्हणून आज भजन दुपारीच होतं. पद्मजाने स्वतः बनवलेला सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर काढणारं यंत्र, आणला.

"यातला फिल्टर आवाज गाळतो," ती म्हणाली. "गाळलेला आवाज पुन्हा त्यातच फिरवत, वाढवत नेला, की एका टप्प्यानंतर काही न देताही तो आपणच गायला लागतो."

तिने एक बटण फिरवलं आणि बासरीसारखा सूर निघाला. दुसऱ्या बटणाने तो आमच्या पट्टीत आणला.

"काकू, तुमचा घसा आता पेन्शनीत," मंडळातली सरोज म्हणाली.

विठ्ठला, तुझ्यापासून काय लपवू, माझा जळफळाट झाला.

"तुम्हीही गा ना यात," पद्मजाने माइक पुढे केला. मी मुद्दाम टिपेचा आवाज लावला. तो फाटका होऊन बाहेर पडला, पण तिचा सूर पार दबला.

"जोराचा आवाज आत आला की त्याचं स्वतःचं गाणं दबतं," ती खुशीत म्हणाली. "तुम्ही थांबलात की येईल परत."

म्हणून मी थांबलेच नाही. दम संपला तेव्हा तो सूर होता तसा परत आला, आणि बायकांनी त्याच्यावरच अभंग उचलला. मीही उचलला, पद्मजाकडे न बघता.