पाटावरची पाहुणी

माझी नणंद आमच्याकडे बोरीवलीला आली ती मरायलाच. छातीचा कॅन्सर फुटून बाहेर आला होता. नवऱ्याने तिला आणून सोडलं आणि पुन्हा फिरकला नाही. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता बरं होणं नाही. दुखू द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात आहे." त्यांनी दुखण्यावर गोळ्या दिल्या. दुसऱ्या गोळ्या वासासाठी. त्या कुटून जखमेवर भुरभुरायच्या. मी खलबत्त्यात कुटायची. वास बराच कमी झाला, तरी बिल्डिंगमधल्या बायका काही आल्या नाहीत.

चैत्रात तिने हट्ट धरला, हळदीकुंकू करायचंच. मी घरोघर सांगून आले. कैरीची डाळ वाटली, पन्हं केलं. दिवेलागण झाली तरी एकही आली नाही.

"वहिनी, ती कधीची दारात उभी आहे. पाट दे ना तिला."

"कोण गं?"

"हिरव्या लुगड्यातली. आंधळी झालीस की काय?"

दारात कोणी नव्हतं. मी पाट मांडला, त्याच्यावर कुंकवाचं बोट टेकवलं, पुढे डाळीची वाटी ठेवली. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण दारी आलेल्या सवाशिणीला कुंकवाशिवाय पाठवत नाहीत.

मग ती रोज दुपारी यायला लागली. नणंद हळू आवाजात बोले, मध्येच थांबून ऐके आणि हसे. मला त्या पाटाकडे पाठ करून बसवेना.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "गोळ्यांनी असं दिसतं कधी कधी. कमी करून बघू. पण मग दुखेल."

"कमी करू नका," नणंद म्हणाली. "तीच एकटी येते माझ्याकडे."

"आणि मी कोण?"

"तू घरची. घरच्यांना कोण पाट मांडतं?"

गोळ्या तेवढ्याच ठेवल्या. एका दुपारी मी कुटत बसले होते. पाठीमागून ती म्हणाली, "वहिनी, आता पुरे कर. आम्ही निघतो."

वळून पाहिलं तर ती गेली होती. चेहऱ्यावर दुखण्याची आठी नव्हती.

बायका आल्या त्या मग, समाचाराला. समोरच्या घरातली पाटावर टेकायला गेली.

"तिथं नको," मी म्हटलं.

"का गं?"

"चैत्रात जी आली, तिचा आहे तो."

ती जमिनीवर बसली.