एतेल्काच्या पाप्रिकातलं कॅडमियम

इबोयाला धाकट्या बहिणीचं काहीच बघवत नसे, आणि तिचं पाप्रिका तर मुळीच नाही. दोघी आपापल्या परसात लाल मिरच्या लावायच्या, वाळवायच्या, दळून पाप्रिका करायच्या. पण नाताळच्या माशांच्या रश्शात आई घालणार ते धाकट्या एतेल्काचंच. इबोयाची बरणी फळीवर तशीच, सीलबंद. आईनं ती एकदा तरी उघडावी, एवढंच तिला हवं होतं. पन्नाशी उलटली तरी ही पोटदुखी काही जात नव्हती.

इबोयाची नोकरी बुडापेस्टच्या टेकडीवर, अणुभट्टीत. नमुन्यावर न्यूट्रॉनचा झोत सोडला की त्यातला एकेक धातू आपापले गॅमा किरण बाहेर टाकतो आणि पडद्यावर त्याचं शिखर उठतं. माती, धान्य, भाज्या यांतले विषारी धातू ती असे शोधायची.

एतेल्काचं परस जुन्या रंगकारखान्यामागे होतं, आणि रंगांत कॅडमियम हा विषारी धातू असतो. निमित्त पुरलं. इबोयानं आईकडच्या एतेल्काच्या बरणीतली चिमूटभर लाल भुकटी टेफ्लॉनच्या पिशवीत भरून झोतात टांगली. कॅडमियमचं शिखर उभं राहिलं आणि तिला आनंदाच्या उकळ्या फुटल्या, खोटं कशाला बोला. तिनं लगेच आईला फोन लावला. आईनं एतेल्काची बरणी कचऱ्यात ओतली. एतेल्काला रडू आवरेना, तिची लेक पहिल्या घासापासून तेच खात होती.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरचा लोरांट सहज म्हणाला, "रिकामी पिशवी मोजलीस ना? परवाच झोताभोवती न्यूट्रॉन अडवायला कॅडमियमचा नवा पत्रा बसवलाय."

घाईत तेच राहिलं होतं. इबोयानं रिकामी पिशवी टांगली. तेच शिखर, तेवढंच उंच. कॅडमियम पत्र्यातलं होतं, पाप्रिकात काही नव्हतं. भाची सुखरूप होती, आणि मावशीला आधी वाईट वाटलं. मग त्या वाईट वाटण्याची लाज वाटली.

संध्याकाळी तिनं आईकडे फोन केला. एतेल्का तिथेच होती, तिनंच उचलला. चूक ऐकून रागावणं राहिलं बाजूला, ताई, तू पुन्हा मोजलंस म्हणून माझी पोर वाचली, असं म्हणत ती हुंदके देत राहिली. इबोयाला ते रागावण्यापेक्षा जड गेलं. मग आईनं फोन घेतला.

"बरं झालं बाई. आणि तुझं काय निघालं?"

"माझं?"

"तुझं परसही त्याच कारखान्यामागे ना गं? तुझीही पोरं खातात. तुझं आधी मोजलं असशील."

इबोयाला ते सुचलंच नव्हतं. "माझं नाही मोजलं," ती म्हणाली. 

"फक्त एतेल्काचंच. कळलं," आई म्हणाली, आणि फोन ठेवला.