डाव्या हाताची बंदूक

आमच्या आत्याला कारखान्यात गेम खेळायचा पगार मिळतो, असं काका चारचौघांत सांगायचे आणि स्वतःच हसायचे. मला त्याची तेव्हाही चीड यायची. आत्या खेळत नव्हती, तपासत होती. पण बाईचं काम दिसायला सोपं असलं की ते काम नसतंच, अशी आमच्या घरातल्या पुरुषांची पक्की समजूत आहे.

आमच्या कारखान्यात व्हिडिओ गेमसाठी प्लास्टिकची पोकळ बंदूक बनते. आमच्या म्हणजे, मीही तिथेच ऑफिसात आहे, खोक्यात घालायची माहितीपत्रकं तयार करते. बंदुकीच्या पोटात गेमचा रिमोट बसवायचा, तो निसटू नये म्हणून बाजूचा खटका लावायचा आणि टीव्हीसमोर उभं राहून चाप ओढायचा. सोबत एक गेम फुकट. त्यात आधी कुंपणावरचे डबे उडवायचे, मग गडगडत येणारी पिंपं. दर पन्नास बंदुकांतली एक आत्याच्या टेबलावर यायची. ती शंभर वेळा चाप ओढायची, खटका हलवून बघायची आणि लॉटच्या कागदावर सही करायची. त्या सहीशिवाय लॉट हलत नसे. सोळा वर्षं ती त्या टेबलावर होती. आधी खेळण्यातल्या गाड्या, मग रिमोट, शेवटी ही बंदूक.

आत्या डावखुरी. भाजी चिरणं, सुई ओवणं, लहानपणी आम्हाला धपाटे घालणं, सगळं डाव्या हातानं. पण टेबलासमोर तपासणीचं कार्ड टांगलेलं होतं आणि त्यावर चित्र होतं बंदूक धरलेल्या उजव्या हाताचं. कार्ड सोडून काही करायचं नाही, हा आमच्याकडचा कायदा. त्यामुळे कारखान्याच्या दारात शिरली की आत्या उजवी व्हायची.

एकदा जिन्यात पाय घसरून तिचं उजवं मनगट मुरगळलं. रजा मागितली, तर सुपरवायझर साहेब म्हणाले की लॉट उद्या जायचाय, आता कसली रजा. मग तिने बंदूक डाव्या हातात घेतली. तिसऱ्यांदा चाप ओढला आणि खटक्याने तिच्या अंगठ्याची कातडी चिमटीत धरली. रक्तच आलं. खटका उजव्या अंगाला होता. उजव्या हाताने धरलं की तिथे काहीच येत नाही, डाव्या हाताने धरलं की नेमका अंगठा येतो. तिने त्याच लॉटमधल्या आणखी दहा बंदुका काढल्या. दहाही चावल्या. तिने अख्खा लॉट नापास केला.

साहेबांनी तिचा अंगठा बघितलासुद्धा नाही. कार्डावर उजवा हात आहे ना, मग डाव्याने धरलीच कशाला, डावखुरी माणसं असतात तरी किती, असं म्हणून त्यांनी नियम मोडल्याबद्दल तिलाच मेमो दिला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. लॉटवर शेजारच्या टेबलावरच्या बाईने सही केली. तिला मी दोष देत नाही, तिच्या घरात ती एकटी कमावती. आत्याची बदली पॅकिंगला झाली.

आता यापुढचं सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. बंदूक बदलायची म्हणजे साचा बदलायचा, म्हणून साहेबांनी स्वस्तातला उपाय काढला. माहितीपत्रकात एक ओळ वाढवली. 'फक्त उजव्या हाताने वापरावे.' ती ओळ मी टाइप केली. मुकाट्याने केली.

ती पत्रकं घडी घालून खोक्यात टाकायला आत्याच्याच टेबलावर गेली. तिने वरचं एक वाचलं, गठ्ठा उचलला आणि तो नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"सोळा वर्षं मी उजवी असल्याचं नाटक केलं, साहेब. पगारासाठी केलं, माझ्यापुरतं केलं. आता लोकांच्या पोरांना तेच करायला मी सांगणार नाही."

त्याच दुपारी ती नोकरी सोडून घरी गेली. बाईंचं डोकं फिरलंय, असं साहेब सगळ्यांना सांगत राहिले.

सात महिन्यांनी खोकी परत यायला लागली. पोतीच्या पोती. बरोबर संतापलेली पत्रं आणि काळेनिळे पडलेल्या कोवळ्या अंगठ्यांचे फोटो. पत्रक कोण वाचतं? वरच्या साहेबांची तंतरली. महिनाभरात साचा बदलला, खटका खाली गेला आणि कार्डावर दोन्ही हातांची चित्रं आली. मग एका सभेत, वर्षातली सर्वोत्तम सूचना म्हणून प्रमाणपत्र दिलं गेलं. कुणाला? आमच्या सुपरवायझर साहेबांना. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, एवढंच काय ते माझं शौर्य.

संध्याकाळी तणतणत आत्याकडे गेले. ती हल्ली घरी शिवणकाम करते. मी सगळं सांगितलं, साहेबांना दोनचार शिव्याही घातल्या. तिने आधी विचारलं, खटका खरंच हलवला का. हलवला, म्हटलं. ती थोडा वेळ मशीन चालवत राहिली, मग थांबली.

"साहेब तर उजवे," ती म्हणाली. "मग चिमटा नेमका कुठे बसतो, ते त्यांना कुणाच्या हातावरून कळलं? उद्या विचार त्यांना. सगळ्यांसमोर विचार."

याला आता वर्ष होईल. मी अजून विचारलेलं नाही.